फिलाडेल्फियालाच का?

यंदाच्या महिला दिनाला आमच्या गावातल्या कन्याशाळेनं मला पाहुणी म्हणून बोलावलं होतं. कार्यक्रम ठरलेलाच असतो. कुणी जिजाऊ होतं, कुणी सावित्रीबाई, कुणी कल्पना चावला. सातवीतली एक मुलगी डॉ. आनंदीबाई जोशी झाली होती. आजीचं नऊवारी, खणाची चोळी आणि गळ्यात खेळण्यातला स्टेथोस्कोप. भाषण खणखणीत झालं. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी झालेलं आणि दहाच दिवसांत गेलेलं बाळ, बोटीचा प्रवास, डॉक्टरची पदवी, सगळं तिनं न अडखळता सांगितलं. टाळ्या झाल्या. नंतर चहाच्या वेळी ती माझ्याजवळ आली आणि म्हणाली, “मॅडम, एक विचारू? आनंदीबाई फिलाडेल्फियालाच का गेल्या? उतरल्या तर न्यूयॉर्कला होत्या ना?”

खरं सांगते, मला उत्तर देता आलं नाही. “अगं, तिथं कॉलेज होतं ना,” असं काहीतरी बोलून मी वेळ मारून नेली. पण घरी आल्यावर चैन पडेना. तिथंच कॉलेज का होतं? कुणी काढलं ते? जिथं बाईनं दवाखान्यात पाऊल टाकलं की नाकं मुरडली जायची, त्या काळात मुलींना डॉक्टर करणारं गाव होतं तरी कसं? मग मिळेल ते वाचत बसले. वाचता वाचता आनंदीबाईंची गोष्ट मला जरा वेगळीच दिसायला लागली. तेच आज सांगायचंय.

फिलाडेल्फिया हे शहर वसवलं क्वेकर लोकांनी, १६८२ मध्ये. क्वेकर म्हणजे ख्रिस्ती धर्मातला एक साधा पंथ. भपका नाही, आणि विशेष म्हणजे प्रार्थनासभेत बाईनंही उभं राहून बोलावं अशी पद्धत. ही एक गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढचं बरंचसं तिच्यातून आलंय.

याच शहरात १७५१ मध्ये पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटल सुरू करायची परवानगी मिळाली. तेव्हा अमेरिका हा देशसुद्धा झालेला नव्हता. कल्पना डॉ. थॉमस बाँड यांची, पण पैसे जमवले बेंजामिन फ्रँकलिननं. होय, आपल्या शाळेच्या पुस्तकातला तोच पतंग उडवणारा. त्यानं विधिमंडळापुढे मोठा चतुर प्रस्ताव ठेवला: लोकांनी २००० पौंड वर्गणी जमवली, तर सरकारनंही २००० पौंड घालावेत. लोक एवढे पैसे देणारच नाहीत, मग हो म्हणायला काय जातंय, असं वाटून सभासदांनी मान डोलावली. लोकांनी पैसे दिले आणि सरकारला थैली सोडावी लागली! आपल्या बचत गटाच्या बायकांनी हा किस्सा जरूर लक्षात ठेवावा.

पहिलं हॉस्पिटल भाड्याच्या घरात होतं आणि त्याची व्यवस्था पाहायला एलिझाबेथ गार्डनर नावाची क्वेकर विधवा नेमली होती. म्हणजे डॉक्टर सगळे पुरुष, पण घर चालवायला बाई, हे पहिल्या दिवसापासून. पुढे मोठी इमारत झाली. १८०४ मध्ये तिच्या वरच्या भागात शस्त्रक्रियेसाठी गोल प्रेक्षागार बांधलं, ते आजही पाहायला मिळतं. वीज नव्हती, त्यामुळे लख्ख ऊन असेल तेव्हाच ऑपरेशन. भूल देण्याचा शोध लागायचा होता, म्हणून अफू नाहीतर दारू पाजायची आणि पेशंटला घट्ट धरून ठेवायचं. वाचतानाच माझ्या अंगावर काटा आला.

डॉक्टरकीचं शिक्षण देणारी अमेरिकेतली पहिली शाळाही याच गावातली, १७६५ ची. डॉ. जॉन मॉर्गन यांनी काढली. आज तिला पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं मेडिकल स्कूल म्हणतात. तिथले दुसरे प्राध्यापक डॉ. विल्यम शिपेन बाळंतपणाच्या शास्त्रावर व्याख्यानं द्यायचे आणि सुरुवातीला त्यांनी सुइणींनाही ती ऐकायला बोलावलं होतं. पण हळूहळू झालं काय, की सुशिक्षित घरांतली बाळंतपणं डॉक्टर पुरुषांकडे गेली आणि सुईण मागच्या दारी उभी राहिली. हजारो वर्षं बायकांच्या हातात असलेलं काम बायकांना शिकता येईना, कारण ते आता कॉलेजात शिकवायचं होतं आणि कॉलेजात बाईला प्रवेश नव्हता.

मध्येच एक गोष्ट सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. १७९३ मध्ये या शहरात पीतज्वराची साथ आली. साधारण पन्नास हजारांच्या वस्तीत सुमारे पाच हजार माणसं गेली. ज्यांना शक्य होतं ते गाव सोडून पळाले. काळ्या लोकांना हा ताप होत नाही, असा बड्या डॉक्टरांचा समज होता, तो साफ चुकीचा. ॲब्सलम जोन्स आणि रिचर्ड ॲलन या दोन काळ्या पुढाऱ्यांच्या हाकेला ओ देऊन त्यांच्या समाजातल्या बाया-पुरुषांनी घरोघरी जाऊन आजाऱ्यांची सेवा केली, प्रेतं उचलली, स्वतःही मेले. साथ संपल्यावर त्यांच्यावरच जास्त पैसे घेतल्याचे आणि चोरीचे आरोप झाले. त्या दोघांना १७९४ मध्ये पुस्तिका छापून उत्तर द्यावं लागलं. करोनाच्या दिवसांत आपल्या आशाताई आणि नर्सताई दारोदार फिरत होत्या तेव्हा त्यांना किती ठिकाणी कसं वागवलं गेलं, ते आपण पाहिलंय. म्हणून आठवलं.

आता मूळ गोष्टीकडे येते. फिलाडेल्फियाजवळच्या एका खेड्यात शेतकऱ्याच्या घरात ॲन प्रेस्टन नावाची क्वेकर मुलगी होती. शिक्षिका होती. आजूबाजूच्या बायकांना त्यांच्याच शरीराची माहिती द्यायची म्हणून ती स्वतः शिकली आणि मग एका डॉक्टरांच्या हाताखाली दोन वर्षं उमेदवारी केली. शहरातल्या चार मेडिकल कॉलेजांकडे तिनं अर्ज केले, चारही ठिकाणी नकार. मग क्वेकर समाजातल्या काही डॉक्टरांनी आणि दानशूर लोकांनी मिळून १८५० मध्ये मुलींसाठीच वेगळं मेडिकल कॉलेज काढलं. सुरुवातीचं नाव फीमेल मेडिकल कॉलेज ऑफ पेनसिल्व्हेनिया, १८६७ नंतर वुमन्स मेडिकल कॉलेज. आनंदीबाईंचं कॉलेज ते हेच. न्यूयॉर्कलाही मुलींसाठी एक निघालं होतं, पण त्याच्या बरंच नंतर.

१८५१ च्या शेवटी पहिल्या आठ जणी पदवीधर झाल्या. समारंभाला गडबड होऊ नये म्हणून पोलीस ठेवावे लागले! त्या आठांत ॲन प्रेस्टन होत्या. हॅना लाँगशोअर याही होत्या. त्यांनी डॉक्टर म्हणून दारावर पाटी लावली, तर लोक जमून पाटी बघायचे. एका औषधवाल्यानं त्यांची चिठ्ठी परत केली आणि वर सुनावलं, की घरी जाऊन नवऱ्याचे मोजे शिवा.

इथपर्यंत आपल्या ओळखीचंच आहे. मुलगी शिकली, अडथळे आले, तिनं मात केली. पण खरी अडचण पुढेच होती, आणि ती मला अगोदर कधी सुचलीही नव्हती.

डॉक्टरकी पुस्तकातून येत नाही. ती पेशंटच्या खाटेशी उभं राहून येते. आणि खाटा होत्या हॉस्पिटलात. हॉस्पिटलं तर या मुलींना दारात उभं करत नव्हती. १८५८ मध्ये शहरातल्या डॉक्टरांच्या संघटनेनं ठरावच केला, की आपल्या सभासदानं बाई डॉक्टरशी सल्लामसलत करायची नाही. म्हणजे पदवी हातात, पण बाळंतपण एकही पाहिलेलं नाही, अशी गत.

प्रेस्टनबाईंनी यावर रडगाणं गायलं नाही. त्यांनी झोळी हातात घेतली. एकेका घरी जाऊन, बायकांशी बोलून पैसे जमवले आणि १८६१ मध्ये वुमन्स हॉस्पिटल ऑफ फिलाडेल्फिया उभं केलं. यादवी युद्ध सुरू झालेलं, पैशाअभावी कॉलेज काही काळ बंद ठेवावं लागलेलं, अशा दिवसांत! एमिलीन क्लीव्हलंड या हुशार डॉक्टरबाईंना त्यांनी बाळंतपणाचं शिक्षण घ्यायला थेट पॅरिसला पाठवलं. त्या परत आल्या आणि हॉस्पिटल सांभाळू लागल्या. कॉलेज पुन्हा सुरू झालं ते या हॉस्पिटलातल्याच खोल्यांमध्ये. म्हणजे कॉलेजाला आसरा दिला हॉस्पिटलानं.

तरी मोठ्या हॉस्पिटलात तऱ्हतऱ्हेचे आजार दिसतात, ते आपल्या मुलींना दिसावेत ही प्रेस्टनबाईंची धडपड चालूच होती. १८६६ मध्ये त्या कॉलेजच्या डीन झाल्या, पहिल्या स्त्री डीन. अखेर फ्रँकलिनच्या त्या जुन्या पेनसिल्व्हेनिया हॉस्पिटलनं मुलींना शनिवारच्या वर्गाला यायची परवानगी दिली. ६ नोव्हेंबर १८६९ ला तीसेक मुली गेल्या. शेकडो मुलगे आधीच जमून बसले होते. शिट्ट्या, आरडाओरडा, कागदाचे बोळे. तंबाखूच्या पिचकाऱ्या मुलींच्या झग्यांवर उडवल्या. वर्ग सुटल्यावर रस्त्यात दगडही मारले. (पुण्यात सावित्रीबाईंच्या अंगावर शेण फेकलं होतं, त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती. देश वेगळा, पण पोरांचं डोकं तेच.) मुली जागच्या हलल्या नाहीत. वर्तमानपत्रांनी मुलग्यांची खरडपट्टी काढली. शहरातल्या डॉक्टर मंडळींनी मात्र झाल्या प्रकारानंतर पत्रक काढलं ते असल्या एकत्र वर्गांच्या विरोधात! प्रेस्टनबाईंनी त्याला शांतपणे, मुद्द्याला मुद्दा देत छापील उत्तर दिलं. मुलींचं जाणं थांबलं नाही.

त्या दिवशी बोळे झेललेल्या मुलींमध्ये ॲना ब्रूमॉल होती. पुढे तीच कॉलेजात बाळंतपणाच्या शास्त्राची प्राध्यापक झाली. आणि याच काळात, १८८३ मध्ये, आपल्या आनंदीबाई तिथं दाखल झाल्या. आता सांगा, आनंदीबाई जिद्दीच्या होत्या यात शंकाच नाही, पण त्यांच्यासाठी वाट कुणी झाडून ठेवली होती? आमच्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरला दाखवण्यापेक्षा मरण पत्करतात, अशा अर्थाचं त्यांनी कॉलेजला कळवलं होतं. ते वाचणाऱ्या डीन रेचल बॉडली आणि बाकीच्या बायकांना ते समजावून सांगावं लागलं नसेल. त्यांनी प्रवेश दिला, शिष्यवृत्तीही दिली. ११ मार्च १८८६ ला आनंदीबाई एम.डी. झाल्या तेव्हा पंडिता रमाबाई मुद्दाम हजर होत्या. आनंदीबाईंनी प्रबंधाला विषय निवडला तो आपल्याकडच्या बाळंतपणाच्या प्राचीन पद्धतींचा. दुसरं काय निवडतील? आपलं बाळ दहा दिवसांचं होऊन गेलेली ती आई होती.

पुढच्या वर्षी, २६ फेब्रुवारी १८८७ ला, क्षयानं त्या गेल्या. कोल्हापूरच्या ज्या हॉस्पिटलातला स्त्रियांचा विभाग त्या सांभाळणार होत्या, तिथं त्यांना काम करायला मिळालंच नाही. त्याच वर्षी रमाबाईंनी हिंदू उच्चवर्णीय स्त्रीच्या स्थितीवर लिहिलेलं इंग्रजी पुस्तक फिलाडेल्फियात छापलं. ते आनंदीबाईंच्या स्मृतीला वाहिलेलं होतं आणि प्रस्तावना डीन बॉडली यांची होती. १८९२ मध्ये गुरुबाई करमरकर याच कॉलेजातून डॉक्टर झाल्या आणि त्यांनी मुंबईत वर्षानुवर्षं बायकांवर उपचार केले. त्यांचं नाव आपल्या महिला दिनाच्या भाषणात कधी येत नाही, याचं मला वाईट वाटतं.

या कॉलेजानं आणखी कुणाकुणाला डॉक्टर केलं पाहा. १८६७ मध्ये काळ्या समाजातल्या रिबेका कोल. १८८९ मध्ये अमेरिकेच्या मूळ रहिवाशांपैकी सुझन ला फ्लेश आणि जपानच्या केइको ओकामी. जिला कुठंच दार उघडं नव्हतं ती इथं येत होती. शहरातल्या जुन्या पेनसिल्व्हेनिया मेडिकल स्कूलनं मुलींना घेतलं ते १९१४ मध्ये, आणि जेफरसन कॉलेजनं १९६१ मध्ये. आनंदीबाईंना जाऊन तेव्हा ७४ वर्षं झाली होती!

ब्रूमॉलबाईंचं एक काम मात्र मला पदव्यांपेक्षाही मोठं वाटतं. १८८८ मध्ये त्यांनी दक्षिण फिलाडेल्फियातल्या गरीब, परदेशातून आलेल्या कुटुंबांच्या वस्तीत बाळंतपणाचं केंद्र काढलं. विद्यार्थिनी घरोघर जायच्या. आणि बाई कळा सुरू झाल्यावरच पाहायची असं नाही, तर दिवस राहिल्यापासून तिला तपासायचं, ही पद्धत त्यांनी घालून दिली. आज आपण सोनोग्राफीची तारीख कॅलेंडरवर लिहितो, लोहाच्या गोळ्या घेतो, ते तेव्हा कुणाच्या गावीही नव्हतं.

इथं मी थांबले असते तर गोष्ट छान गोड झाली असती. पण पुढचंही वाचलं.

फिलाडेल्फियात आज मोठमोठी मेडिकल कॉलेजं आहेत, जगभरातून मुलं शिकायला येतात. पण गरिबांची हॉस्पिटलं एकेक करून गेली. काळ्या समाजानं स्वतःच्या पैशानं उभं केलेलं फ्रेडरिक डग्लस हॉस्पिटल, १८९५ चं. पुढे दुसऱ्याशी जोडून मर्सी-डग्लस झालं, १९७३ मध्ये बंद. महापालिकेचं फिलाडेल्फिया जनरल हॉस्पिटल, ज्याची मुळं १७३० च्या दशकातल्या अनाथ-गरिबांच्या आश्रमात होती, ते १९७७ मध्ये बंद. आणि बाळंतपणाचे विभाग? १९९७ मध्ये शहरात १९ हॉस्पिटलांत बाळंतपणं होत असत. २०१२ पर्यंत त्यातल्या १३ ठिकाणी बंद झाली. एकोणिसातली तेरा! कारण विचाराल तर हिशेब. बाळंतपणात पैसा कमी, काही चुकलं तर खटला मोठा, विम्याचे हप्ते वाढलेले, गरीब बाईचा सरकारी विमा तुटपुंजा. हृदयाच्या ऑपरेशनचा विभाग कुणी बंद करत नाही. पहिली कात्री लागते ती बाळंतिणीच्या खाटेला.

आनंदीबाईंच्या कॉलेजचं काय झालं, हेही सांगते. १९७० मध्ये तिथं मुलगे घ्यायला लागले आणि नाव बदललं. नंतर ते हानेमान या दुसऱ्या कॉलेजशी जोडलं गेलं. (होय, होमिओपॅथीवाले हानेमानच. १८४८ मध्ये ते होमिओपॅथीचं कॉलेज म्हणून सुरू झालं होतं.) दोन्ही चालवणारी मोठी संस्था १९९८ मध्ये दिवाळखोरीत गेली आणि कॉलेज ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आलं. आनंदीबाईंचं नाव सांगणारं कॉलेज म्हणजे आज हेच. त्याच्या विद्यार्थ्यांचं शिकण्याचं मुख्य हॉस्पिटल होतं हानेमान, शहराच्या ऐन मध्यावर, गरीब पेशंटांनी भरलेलं. २०१८ मध्ये ते एका गुंतवणूकदारानं घेतलं आणि २०१९ मध्ये ते बंद झालं. शिकत असलेले पाचशेहून अधिक निवासी डॉक्टर एका उन्हाळ्यात रस्त्यावर आले. इथलाही बाळंतपणाचा विभाग गेला. काही महिन्यांनी करोना आला तेव्हा खाटा हव्या म्हणून शहरानं ती रिकामी इमारत मागितली. मालकानं सांगितलेलं भाडं ऐकून शहरानं नाद सोडला आणि एका विद्यापीठाच्या खेळाच्या संकुलात खाटा टाकल्या.

हे वाचून मी बराच वेळ नुसती बसून राहिले. प्रेस्टनबाईंना १८६१ मध्ये जे कळलं होतं, की पदवीला खाटेचा आधार लागतो, ते एवढ्या मोठ्या शहराला टिकवता आलं नाही.

आणि मग आमच्या गावातलं आठवलं. मुख्य पेठेत एका डॉक्टरबाईंचं मॅटर्निटी होम होतं. आठ खाटा. माझी दोन्ही बाळंतपणं तिथलीच, आणि शेजारच्या वहिनींची, आणि त्यांच्या सुनेचीसुद्धा. बाई थकल्या, चालवायला कुणी मिळालं नाही, बंद झालं. आता तिथं मोबाइलचं दुकान आहे. आमच्या तालुक्यातल्या मुली डॉक्टर होतायत, पेढे वाटले जातात, वर्तमानपत्रात फोटो येतात. पण अडलेल्या बाळंतिणीला रात्री चाळीस किलोमीटर जावं लागतं, ते जाऊन बघा एकदा. गेल्या पावसाळ्यात माझी भाची त्या रस्त्यानं गेली. बाळ सुखरूप आहे, पण जीपमध्ये तिच्या शेजारी मी होते आणि दर खड्ड्याला तिनं माझा हात कसा आवळला ते मलाच माहीत.

त्या सातवीतल्या मुलीचं नाव मी बाईंना विचारून ठेवलंय. पुढच्या आठवड्यात शाळेत जाऊन तिला उत्तर देणार आहे, आनंदीबाईंबरोबर ॲन प्रेस्टनचं आणि त्या आठ खाटांचंही सांगणार आहे.

तुम्हीही मला एक लिहून पाठवा मैत्रिणींनो. तुमच्या गावात आज बाळंतपण कुठं होतं? घरापासून ते किती लांब आहे, आणि दहा वर्षांपूर्वी किती लांब होतं? पोस्टकार्डावर दोन ओळी लिहिल्या तरी चालतील. गावाचं आणि तालुक्याचं नाव मात्र नक्की घाला.